पाच नंबरवरची टोपी

त्या माणसाचा मला पहिल्या दिवसापासून राग आला, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून निःपक्षपातीपणाची अपेक्षा करायला नको. बेदियाको त्याचं नाव. वीस वर्षं हॅम्बुर्गला काढून आलेला. परदेशी राहून आलेल्याला घानात, आमच्या कुमासीत, ‘बोर्गा’ म्हणतात, आणि बोर्गा समोर आला की लोक आपोआप आवाज खाली आणून बोलतात. मी आणत नाही.

त्या मंगळवारी मी पोकुआच्या दुकानात शिरलो तेव्हा हा माझ्या स्टुलावर बसला होता. स्टूल तसं तिचंच, पण पाच वर्षांत माझ्याशिवाय दुसरं कुणी त्याच्यावर बसलेलं मी पाहिलं नव्हतं. पुढ्यात फुफूचा, म्हणजे कुटलेल्या कसाव्याच्या गोळ्याचा, वाडगा, आणि रश्श्यात कोंबडीची तंगडी. मला बहुतेक वेळा मान मिळते, फार तर पंख.

“या मास्टर,” पोकुआ म्हणाली. “हा बेदियाको. शाळेत एका वर्गात होतो आम्ही. मावशीच्या मयतासाठी आलाय, कापडं माझ्याकडे टाकलीत.”

“तुमच्याबद्दल ऐकलंय,” तो बोटं चाटत म्हणाला. “ही पोरगी सारखी मास्टर, मास्टर करत असते.”

पोरगी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आणि ती चक्क हसली. मी तिला पाच वर्षं ‘अहो सिस्टर पोकुआ’ म्हणत आलो होतो, आणि हा वीस वर्षांनी उगवतो काय आणि ‘अगं’ करतो काय.

मी क्वाकू द्वोमो. शहरातल्या असाफो भागात माझं दुरुस्तीचं दुकान आहे. जुने कॉम्प्युटर ज्यांच्या पोटापाण्याशी बांधलेले आहेत अशी माणसं माझ्याकडे येतात: छापखानेवाले, चाकांचा तोल बघणारे, एक दातांचा डॉक्टर. बायको जाऊन नऊ वर्षं झाली, मुलं आक्राला. पोकुआचं दुकान बंतामात. शनिवारच्या मयतांसाठी घराण्यांची जी काळी-लाल कापडं लागतात, त्यांवर गेलेल्या माणसाचं नाव आणि नक्षी भरून देणं हा तिचा धंदा. तिच्या नवऱ्याने जुन्या सामानाच्या कंटेनरमधून भरतकामाचं यंत्र आणलं, त्याच्यासोबत ते चालवणारा पिवळा पडलेला जुना फोर-एटी-सिक्स कॉम्प्युटर आणला, आणि वर्षभरात तो स्वतः गेला. यंत्र राहिलं, ती राहिली.

बेदियाको हात धुऊन थेट त्या कॉम्प्युटरपाशी गेला आणि त्याच्या पाठीवरून गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला.

“हे अजून चालतं? आमच्या हॅम्बुर्गला एक मंडळ आहे. असे जुने गोळा करतो, दुरुस्त करतो. असला एखादा मिळाला तर माणसं मारामारी करतील.”

“दुरुस्त करून काय करता त्याचं?” मी विचारलं.

“काही नाही. चालू करायचा, बघायचं. बरं वाटतं.”

“आमच्याकडे त्याच्यावर पोट भरतात,” मी म्हणालो.

पोकुआने माझ्याकडे पाहिलं. मग तिने मला पाण्याचा पेला दिला, मी दोन घोट घेतले, आणि रीतीप्रमाणे तिने विचारलं, “बोला मास्टर, काय काम काढलंत?”

या प्रश्नात माझं सगळं आयुष्य अडकलेलं होतं, म्हणून तो समजून घ्या. आमच्याकडे कुणाच्या दारात गेलात की आधी पाणी मिळतं आणि मग येण्याचं कारण विचारतात. शेजारी असो, सख्खा भाऊ असो, विचारतातच, आणि उत्तर द्यावं लागतं. विधवा बाईच्या घरी त्रेपन्न वर्षांच्या विधुराने काय उत्तर द्यायचं? सहज आलो होतो? समोरची फळवाली कान टवकारून बसलेली असते. मला कारण लागायचं.

पाच वर्षांपूर्वी कारण आपोआप मिळालं होतं. कागदावरची नक्षी कॉम्प्युटरमध्ये घ्यायला पोकुआने एक हातात धरायचा स्कॅनर मिळवला. त्याचं कार्ड मी आत बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी यंत्र चालता चालता थिजलं. सुई कापडात, पडदा गोठलेला. मी गेलो. बंद करून चालू केलं, चाललं, पुन्हा थिजलं. तीन दिवस मी त्याच्यामागे होतो. कार्डं काढली, जागा बदलल्या, एकेक लावून पाहिलं. एकेकटी दोन्ही शहाण्यासारखी वागत, एकत्र आली की घात. तिसऱ्या दिवशी दुपारी उमगलं. प्रत्येक कार्डाला कॉम्प्युटरला हाक मारायला एक नंबर लागतो, दारावरच्या बेलसारखा. यंत्राच्या कार्डाचा नंबर पाच, आणि तो बदलता येत नाही. स्कॅनरच्या कार्डावर मात्र बारीक पिनांची एक ओळ होती आणि त्यातल्या दोन पिनांवर तिळाएवढी काळी टोपी. ती टोपी पाच नंबरवरच बसलेली. एका वेळी एकच कार्ड काम करत असेल तर काही होत नसे. यंत्र शिवतंय आणि तेवढ्यात पोकुआ पुढची नक्षी स्कॅन करतेय असं झालं, की दोघांनी एकच बेल वाजवायची आणि कॉम्प्युटरने डोकं धरून बसायचं. मी चिमट्याने टोपी उचलली, दहा नंबरवर ठेवली. संपलं.

त्या तीन दिवसांत मी तिथे तीनदा जेवलो. ती नवऱ्याबद्दल बोलली, मी बायकोबद्दल बोललो. तिसऱ्या दिवशी यंत्र सुरळीत झालं तेव्हा तिने टाळी वाजवली, आणि मला वाटलं, हे असं कुणी आपल्यासाठी टाळी वाजवून किती वर्षं झाली.

मग चार महिने तिचा फोन नाही. का यावा? काम चोख झालं होतं.

चार महिन्यांनी मी ‘नुसतं झाकण उघडून धूळ काढतो’ म्हणून गेलो, ती शेंगदाण्याच्या रश्श्याकडे बघायला आत गेली, आणि मी चिमट्याने टोपी पुन्हा पाचवर ठेवली.

झालं. हे मी केलं. त्यानंतर महिना-दीड महिन्याला फोन यायचा. मी जायचो, पाणी प्यायचो, “काय काम काढलंत” असं ती विचारायची, कारण स्वतः फोन केलेला असला तरी विचारायची रीत आहे, आणि मी छाती पुढे काढून म्हणायचो, “यंत्र बघायला आलोय.” मग कार्डं बाहेर काढायची, त्यांचे पितळी दात शाळेतल्या खोडरबराने घासायचे, फुंकर मारायची, परत बसवायची. यातल्या कशानेही काही होत नव्हतं, फक्त बंद करून चालू केल्याने व्हायचं. पण ते तिला कळलं तर ती स्वतःच करेल, म्हणून मी तिला बजावून ठेवलं होतं: अडकलं तर बंद करायचं नाही, आतल्या सगळ्या नक्ष्या जातील, आधी मला फोन करायचा. ती शब्दाची पक्की बाई. कधी बंद केलं नाही.

तर त्या मंगळवारी काय काम काढलंत म्हणून तिने विचारलं आणि मी म्हणालो, “यंत्र बघायला. बरेच दिवस झाले.”

“यंत्र उत्तम चाललंय,” बेदियाको माझ्या स्टुलावरून म्हणाला.

पुढचा आठवडाभर तो रोज आला. मला कसं ठाऊक? मी रोज बंतामावरून गेलो म्हणून. असाफोहून माझ्या घरी जायला बंतामा लागत नाही, उलट दिशेला आहे, पण मी ट्रोट्रोत, म्हणजे सीट भरली की सुटणाऱ्या व्हॅनमध्ये, बसायचो, तिच्या दुकानासमोरून जायचो आणि पुढच्या थांब्यावरून परत यायचो. ड्रायव्हर माझ्याकडे संशयाने बघायला लागले. पुढच्या बुधवारी मला न राहवून मी उतरलोच. दारातून आत पाऊल टाकणार तेवढ्यात आतून तिचा आवाज आला. बेदियाको नुकताच आला असणार, कारण ती त्याला विचारत होती, “हं, आणि आज काय काम काढलंस?”

“काही काम नाही,” तो म्हणाला. “तुला भेटायला आलो.”

इतकंच. फळवालीला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि पोकुआ म्हणाली, “मग बस ना.”

मी दारातूनच परत फिरलो. पाच वर्षं मी एका तिळाएवढ्या टोपीच्या आधाराने ज्या खोलीत जात होतो, तिथे हा माणूस मोकळ्या हातांनी गेला होता. मी त्या रात्री जेवलो नाही, आणि देवाकडे मागितलं की उद्या ते यंत्र थिजू दे, म्हणजे तिला कळेल की हॅम्बुर्गच्या गप्पांनी कापड भरत नाही.

देवाने ऐकलं. गुरुवारी अकराला तिचा फोन आला. “मास्टर, अडकलंय. बेदियाकोच्याच मावशीची कापडं आहेत, उद्या दुपारी द्यायची. लवकर या.”

मी इतका खूश झालो की खोडरबर विसरलो आणि अर्ध्या वाटेवरून परत गेलो. त्या वीस मिनिटांनी माझा घात केला. मी पोचलो तेव्हा कॉम्प्युटरचं झाकण जमिनीवर होतं आणि बेदियाकोचा हात मनगटापर्यंत आत. एका हातात टॉर्च, डोळ्याला घड्याळजीची काच. माझ्या यंत्रात दुसऱ्या माणसाचा हात बघून मला जे वाटलं ते नवऱ्यांनाच ठाऊक असतं.

“कुणी सांगितलं उघडायला?” मी म्हणालो.

“तो म्हणाला नुसतं बघतो,” पोकुआ म्हणाली. “बसा मास्टर. पाणी आणते.”

“पाणी नको.”

तेवढ्यात बेदियाको आतूनच हसला. “अगं पोकुआ, इकडे ये. ही काळी टोपी दिसते? स्कॅनरचं कार्ड पाचवर ठेवलंय. यंत्राचं पण पाच. हे तर आमच्या मंडळात नव्या माणसाला पहिल्याच शनिवारी शिकवतात. कुणी बसवलं हे?”

पोकुआ वाकून आत बघून सरळ झाली. तिने माझ्याकडे पाहिलं.

“अरे, काका, तुम्ही होय,” तो म्हणाला. मला काका. माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी लहान. काच काढून तो उठला आणि त्याने माझ्या खांद्यावर थोपटलं. “मनाला लावून घेऊ नका. इथे तुम्हाला शिकवणार तरी कोण? पाच वर्षं नुसतं घासून-पुसून चालवलंत, हेसुद्धा कमी नाही.”

माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. गप्प बसलो तर मी अडाणी ठरणार, पण पोकुआच्या दारात माझी पाटी कोरी राहणार. ती मला माफ करणार होती, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. बिचारे मास्टर, त्यांना माहीत नव्हतं. एक पंख वाढून तिने विषय मिटवला असता. शहाण्या माणसाने मान खाली घातली असती.

पण त्याचा हात अजून माझ्या खांद्यावर होता.

“मला शिकवू नकोस,” मी म्हणालो. “पाच वर्षांपूर्वी तिसऱ्या दिवशी शोधलंय मी हे, तुझं मंडळ नसताना आणि डोळ्याला काच नसताना. दहावर ठेवली होती टोपी. चार महिने यंत्राने हूं की चूं केलं नाही. विचार तिला.”

“मग पाचवर कशी आली?” त्याने विचारलं.

“मी ठेवली.”

हे तोंडातून गेलं तेव्हा, शपथेवर सांगतो, क्षणभर मला जिंकल्यासारखं वाटलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. मग मी पोकुआकडे पाहिलं.

बेदियाकोने टॉर्च बंद केला. “माझी बायको म्हणते, दुसऱ्यांच्या घरातली झाकणं उघडत जाऊ नकोस,” तो हळूच म्हणाला. “बरोबर म्हणते.” आणि टोपी घेतली, डोक्यावरची, आणि गेला. बायको. हॅम्बुर्गला होती म्हणे, तीन मुलांसकट. आठवडाभर माझं पोट जळलं ते एका संसारी माणसापायी, ज्याला जुनी वर्गमैत्रीण आणि जुना कॉम्प्युटर सोडून काही नको होतं.

पोकुआ कापडांच्या गठ्ठ्यावर बसली. एका कोऱ्या कापडाची घडी तिने मांडीवर घेतली. मग म्हणाली, “आईच्या वेळी?”

हे मी तुम्हाला सांगितलेलं नाही. सांगणार नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी तिची आई गेली. साऱ्या बंतामाची कापडं भरणाऱ्या मुलीच्या आईचं मयत, नातेवाईक चार गावांहून येणार. गुरुवारी सकाळी यंत्र थिजलं. मी ओबुआसीला पुतणीच्या बाळाच्या बारशाला गेलो होतो आणि फोन घरी राहिला होता. शुक्रवारी संध्याकाळी परतलो तेव्हा तिचे एकोणीस फोन येऊन गेलेले. धावत गेलो. ती यंत्रासमोर बसून होती, सुई तशीच कापडात. मी दहा मिनिटांत चालू केलं, पण दीड दिवस गेला तो गेलाच. शनिवारी निम्मं घराणं कोऱ्या काळ्या कापडात उभं होतं, आणि तिच्या मावश्या तिला ऐकू जाईल असं बोलत होत्या की लोकांच्या आयांची नावं भरते, स्वतःच्या आईला दोरा मिळाला नाही. मी पहिल्या रांगेच्या मागे उभा होतो. तिने नंतर माझे आभार मानले. म्हणाली, तुम्ही होतात म्हणून निम्मी तरी झाली.

“हो,” मी म्हणालो. “आईच्या वेळीही पाचवरच होती.”

“मी दीड दिवस बसून राहिले,” ती म्हणाली. “बंद करायचं नाही असं तुम्ही म्हणाला होतात.”

“हो.”

“बंद करून चालू केलं असतं तर?”

“चाललं असतं.”

ती रडली असती, ओरडली असती, वहाण फेकून मारली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, वही आणि पेन्सिल घेऊन आली आणि स्टूल कॉम्प्युटरपाशी ओढून स्वतः त्याच्यावर बसली.

“शिकवा,” ती म्हणाली.

“काय?”

“सगळं. ही दोन कार्डं, त्यांचे नंबर, ही टोपी. डिस्क कशी सांभाळायची, नक्ष्यांची दुसरी प्रत कशी ठेवायची. तुम्हाला जे जे येतं ते. उद्या दुपारी कापडं द्यायचीत, तेव्हा भराभर.”

मी शिकवलं. आधी टोपी दहावर, तिच्या हातानेच. चिमटा पहिल्यांदा घसरला, दुसऱ्यांदा नाही. यंत्र चालू झालं आणि त्याच्या आवाजातच मी बोलत राहिलो. कुठला नंबर कुणाचा, कुठले मोकळे, कार्ड काढताना बोट कुठे धरायचं, अंगातली वीज आधी पत्र्याला हात लावून कशी उतरवायची. ती लिहून घेत होती. मध्येच ‘थांबा’ म्हणायची आणि मी वीस वर्षांत स्वतःला न विचारलेला प्रश्न विचारायची. मावशीची कापडं उतरल्यावर तिने मला परसात उभं केलं, मी परत येईपर्यंत स्वतः दोन्ही कार्डं काढून उलटसुलट बसवली, स्वतःच बिघाड केला आणि स्वतःच शोधला. आणि मला, लाज वाटते सांगायला, त्या दुपारइतकं सुख पाच वर्षांत झालं नव्हतं. तिचा खांदा माझ्या दंडाला लागत होता. ज्या गोष्टीचा मला जगात सगळ्यात जास्त अभिमान, ती कुणीतरी माझ्याकडून भराभर घेत होतं. प्रत्येक गोष्टीबरोबर माझं तिथे येण्याचं एकेक कारण संपत होतं, ते मला कळत होतं, आणि तरी मी काही राखून ठेवलं नाही.

चारच्या सुमाराला माझ्याजवळचं संपलं. तिने वही मिटली.

“पाच वर्षं दर खेपेला मी तुम्हाला पाणी देऊन विचारलं, काय काम काढलंत म्हणून,” ती म्हणाली. “रीत म्हणून नव्हते विचारत. एकदा तरी खरं सांगायचं होतंत.”

“सांगितलं असतं तर?” मी विचारलं.

“ते आता विचारू नका, मास्टर.”

मी माझी पिशवी भरली. चिमटा टेबलावरच ठेवला, तिला लागेल म्हणून. ती दारापर्यंत आली नाही, पुढचं कापड लावत होती.

याला आठ महिने झाले. तिचा फोन आलेला नाही. गेल्या महिन्यात एक छापखानेवाला माझ्याकडे न येता तिच्याकडे गेला, आणि तिने त्याचा कॉम्प्युटर तासाभरात लावून दिला. कुणाकडे शिकलात विचारलं तर म्हणाली, असाफोच्या मास्टर द्वोमोंकडे. तो कौतुकाने मला सांगायला आला. मी त्याच्याकडे बघून हसलो आणि मनात म्हटलं, तासभर तिच्याशेजारी बसलास, भाग्यवान आहेस लेका. काय वाढलं तिने, तेही विचारणार होतो.

गुरुवारी मी अजून बंतामाच्या ट्रोट्रोत बसतो. गुरुवारी तिच्याकडे घाई असते, यंत्र शिवत असतं आणि शेजारी ती पुढची नक्षी स्कॅन करत असते. फळवालीपाशी उतरतो, दोन संत्री घेतो, ती सोलून देईपर्यंत रस्त्याच्या या बाजूला उभा राहतो. पलीकडे खिडकीतून यंत्राचा आवाज येतो. मी कान देऊन ऐकतो. संत्री खाऊन होतात, तरी यंत्र थांबत नाही.